काझी सरांची वजाबाकी

दिनांक : १२ नोव्हेंबर, रविवार. ठिकाण : आमच्या क्लासची स्टाफरूम, लातूर. हजर : संचालक बस्वराज सर, केमिस्ट्रीचे माने सर, बायोलॉजीच्या जोशी मॅडम आणि इतिवृत्त लिहिणारी मी. फिजिक्सच्या काझी सरांच्या नावापुढे काय लिहावं ते मला कळेना. ते खोलीत होते, पण टेबलाखाली होते.

"काझी सर, मीटिंग सुरू झाली," बस्वराज सर म्हणाले.

"करा की. मी ऐकून राहिलो," टेबलाखालून आवाज आला. "कुठंतरी घूं वाजतंय. ते सापडल्याबगर तुमचं बोलणं मला कळणार न्हाई."

आम्हा चौघांना काही ऐकू येत नव्हतं. सरांनी आधी ट्यूबलाइट बंद करायला लावली, मग पंखा, मग पाण्याचा कूलर, मग माने सर. माने सरांचं बोलणं दोन मिनिटं बंद झाल्यावर शोधाला वेग आला. शेवटी सर भिंतीवरच्या इलेक्ट्रिक बेलपाशी थांबले, खिशातून पेचकस काढून त्यांनी एक वायर सोडवली आणि खुर्चीवर बसले. "आता बोला." तोवर मीटिंगचे विषय संपले होते. दुसऱ्या दिवशी बेल वाजलीच नाही आणि सकाळचा पहिला तास साडेदहापर्यंत चालला. मी वहीत लिहिलं : काझी सर, हजर, टेबलाखाली.

मी या क्लासचं ऑफिस सांभाळते. अॅडमिशन, टाइमटेबल, टेस्टच्या तारखा, कुणाच्या आईला कधी फोन करायचा, या सगळ्याच्या याद्या माझ्याकडे असतात. सकाळी यादी लिहायची, संध्याकाळी प्रत्येक ओळीपुढे बरोबरची खूण करायची, मग घरी जायचं. असं करणाऱ्या बाईला काझी सरांसारखा माणूस चार वर्षं शेजारच्या टेबलावर मिळावा, ही शिक्षा की शिक्षण, हे मी अजून ठरवलेलं नाही.

अयूब काझी मूळचे नांदेडचे. वडिलांचं इतवाऱ्यात घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं, त्यामुळे बारीक कामाचा हात घरातूनच आलेला. भूकंपानंतर लातुरात क्लासेसचं पीक आलं, गल्लीगल्लीत बोर्ड लागले, तेव्हा फिजिक्स शिकवणारे मास्तर नांदेडहून, सोलापूरहून, हैदराबादहून आले. काझी सर मात्र थेट चिलीच्या वाळवंटातल्या डोंगरावरून आले. पाच हजार मीटर उंचीवर, जिथे दोन पायऱ्या चढल्या तरी दम लागतो, तिथल्या एका दुर्बिणीवर त्यांनी दोन हंगाम काम केलं होतं.

लातूरच्या लोकांना हे समजावणं सोपं नव्हतं.

"अमेरिकेला होते म्हणे तुम्ही?"

"दक्षिण अमेरिकेला."

"म्हंजे अमेरिकाच की. जराशी खाली."

दुर्बिणीतून काय दिसतं, असं विचारलं की सर म्हणायचे, "दिसत काही न्हाई. ऊब लागते." विश्व जन्मलं तेव्हा ते भयंकर तापलेलं होतं. ते पसरत गेलं, निवत गेलं, आणि त्या उष्णतेचा शेवटचा अंश अजूनही सगळीकडे भरून आहे, तुमच्या-माझ्या डोक्यावर, गंजगोलाईच्या बाजारावर, दाळ मिलवर. तो आहे मात्र फार थोडा. ज्याच्याखाली थंडी उरतच नाही त्या शून्याच्या जेमतेम पावणेतीन अंश वर. तेवढी ऊब मोजायची तर हवेतल्या पाण्याची वाफसुद्धा मध्ये येते, म्हणून कोरडा, उंच डोंगर शोधायचा. हे एवढं मला समजलं, कारण त्यांनी ते स्टाफरूममध्ये नऊ वेळा सांगितलं. पोरांनी त्यांचं नाव पावणेतीन सर ठेवलं. सरांना ते कळलं तेव्हा ते खूश झाले. म्हणाले, "बाकी मास्तरांच्या नावात एवढी अचूकता न्हाई."

त्या डोंगरावरची काम करायची रीत त्यांनी सोबत आणली होती. तिथे जे काही यंत्राला जाणवतं, त्यातून आधी हवेची ऊब वजा करायची, मग जमिनीची, मग खुद्द यंत्राची, मग जवळ उभ्या असलेल्या माणसांची. सगळं वजा करून जे उरेल ते आभाळाचं. सरांनी ही रीत लातुरातल्या प्रत्येक गोष्टीला लावली. कुणी तक्रार घेऊन आलं की त्यांचं एकच वाक्य असे, "आधी वजा करा."

एकदा अहमदपूरचे एक पालक पहिल्या एसटीनं आले. मळकं धोतर, हातात पोराचा टेस्टचा पेपर. "सर, खरं सांगा, पोराला किती पडतील?"

सरांनी पेपर हातात घेतला. "यातून माझं शिकवणं वजा करा. शेजारी बसलेल्या पोराचा पेपर वजा करा. तुमची भीती वजा करा. उरलं ते पोराचं."

पालकांनी बराच वेळ विचार केला. "मग तर काहीच उरत न्हाई, सर."

"लई बरं झालं. तिथूनच सुरू करू."

तो पोरगा पुढे इंजिनिअरिंगला लागला. त्याचे वडील अजून दिवाळीला सरांना भुईमुगाच्या शेंगा आणून देतात आणि त्यातून काय वजा करायचं ते विचारतात.

माणसांच्या उबेचं सरांच्या डोक्यात असं बसलं होतं की प्रयोगाच्या खोलीत ते कुणाला जवळ उभं राहू देत नसत. जोशी मॅडम एकदा सहज वाकून बघायला गेल्या तर म्हणाले, "मॅडम, जरा लांब. तुम्ही तीनशे दहा आहात." अंगाची उष्णता त्यांच्या त्या शून्यापासून मोजली तर तेवढी भरते. जोशी मॅडम दोन दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी सरांनी कबूल केलं की आपणही तीनशे दहाच आहोत, आणि विषय मिटला. केबल गेली की स्टाफरूमच्या टीव्हीवर मुंग्या यायच्या. सगळे वैतागायचे, सर खुर्ची पुढे ओढायचे. त्यातली एखाद-दुसरी मुंगी त्या पहिल्या उबेची असते, असं त्यांचं म्हणणं. "क्रिकेट काय, उद्या पण असतंय," ते माने सरांना म्हणाले होते. माने सरांचा चेहरा त्या वेळी तीनशे दहाच्या बराच वर असावा.

त्यांचा राग मी एकदाच पाहिला. लंबकावरून जमिनीची ओढ मोजायच्या प्रॅक्टिकलमध्ये अख्ख्या बॅचचं उत्तर पुस्तकातल्याशी दशांशापर्यंत जुळलं. सरांनी साठ वह्या परत केल्या. "लातूरची जमीन एवढी शहाणी कधीपासून झाली?" त्यांनी विचारलं. "रीडिंग अमानत असतंय. जसं आलं तसं लिहायचं. त्याला हात लावला की तुम्ही चोर." पोरांनी पुन्हा प्रयोग केला, साठ वेगवेगळी उत्तरं आली, आणि सरांनी पेढे वाटले.

तर त्या नोव्हेंबरच्या मीटिंगनंतर चार दिवसांनी क्लासच्या ईमेलवर डोंगरावरून पत्र आलं. क्लासचं ईमेल मी बघते, म्हणून मीच आधी वाचलं. दुर्बिणीच्या पोटात एक डबा असतो, तो भयंकर थंड ठेवतात. त्यातल्या तारा सरांनी जोडल्या होत्या. डबा बिघडला होता आणि तारांवरच्या चिठ्ठ्या कुणाला लागत नव्हत्या. कारण लक्षात राहावं म्हणून सरांनी प्रत्येक तारेला नांदेडातल्या मोहल्ल्याचं नाव दिलं होतं, तेही देवनागरीत. तिकडच्या साहेबांनी नम्रपणे विचारलं होतं की इतवारा म्हणजे काय, आणि ते वजिराबादला जोडावं का.

सरांनी तिथल्या तिथे दोन पानी उत्तर लिहिलं. "इतवाऱ्यातून निघालेली तार देगलूर नाक्याला जाते, पण वाटेत वजिराबादला वळसा घालते." दोन दिवसांनी पुन्हा पत्र आलं. त्यात लिहिलं होतं की आम्हाला काही समजलं नाही, उलट होतं तेही विसकटलं आहे, तुम्ही स्वतः या. जानेवारी ते मार्च डोंगरावर ओल असते, दुर्बीण बंद असते, तेव्हाच डबा उघडता येईल. तिकीट आमचं. आठवड्यात कळवा.

सरांनी ते पत्र चार वेळा वाचलं. चौथ्यांदा वाचताना त्यांचा हात कागदावर असा फिरत होता, जसा कुणी जुन्या ओळखीच्या माणसाच्या खांद्यावरून फिरवावा. मग म्हणाले, "लिहा मॅडम, जमणार न्हाई."

"का?"

"सकाळी काम असतंय."

हे सकाळचं काम आम्हा सर्वांना माहीत होतं, म्हणजे ते आहे एवढंच माहीत होतं. सहाची बॅच त्यांनी कधीच घेतली नव्हती. आठच्या आधी ते क्लासमध्ये कधी दिसले नव्हते. बस्वराज सरांना बरेच दिवस संशय होता की काझी सर सकाळी दुसऱ्या क्लासला शिकवतात. त्या काळी लातुरात मास्तर पळवणं हा एक धंदाच होता. "तुम्ही एकदा बघून या, मॅडम," ते म्हणाले. "तुम्ही विचारलं तर कुणी खोटं बोलत न्हाई."

मी सकाळी सहाला स्कूटी काढली.

सरांचं घर दाळ मिलच्या मागच्या वस्तीत. विटांच्या भिंती, वर पत्रे, स्लॅब नाही. दार उघडंच होतं. आत चटईवर एक बाई बसलेल्या, डोक्यावरून पांढरी ओढणी, पुढ्यात न प्यायलेला चहा. त्या सरांच्या मोठ्या बहीण, हे मला नंतर कळलं. सर त्यांना आपा म्हणतात, मीही तेच म्हणू लागले. खोलीच्या कोपऱ्यात जमिनीत गाडलेला लोखंडी खांब, त्याला टांगलेली तराजूची जड वजनं, त्यांना जोडलेली एक निब, आणि भिंतीवरच्या जुन्या घड्याळाच्या यंत्रावर सावकाश फिरणारा पत्र्याचा डबा. डब्यावर कागदाची पट्टी गुंडाळलेली. पट्टी आमच्या क्लासच्या जुन्या प्रश्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजू चिकटवून केलेली होती. माझ्या यादीत सहा महिने 'प्रश्नपत्रिकांचे गठ्ठे शोधणे' अशी ओळ होती, तिचा निकाल लागला.

सर पट्टी सोडवून मांडीवर पसरत होते. माझ्याकडे बघून त्यांनी फक्त बसायची खूण केली आणि वाचायला लागले.

"ये तीन बजे का ट्रक. ये दूधवाला. ये पाच बजे, मिल का पट्टा. ये शेजारच्यांची बोअर." प्रत्येक रेघेवर ते पेन्सिलीनं काट मारत होते. शेवटपर्यंत जाऊन त्यांनी पट्टी गुंडाळली. "बाकी कुच नै, आपा. जमीन चुप है."

आपांनी मान हलवली आणि कप उचलला. चहा संपवून त्या तिथेच आडव्या झाल्या.

बाहेर स्कूटीपाशी सरांनी मला थोडक्यात सांगितलं. आपांचं सासर किल्लारीच्या बाजूचं. दगडमातीचं घर. भूकंपाच्या पहाटे ते पडलं, त्यातून आपांशिवाय कुणी जिवंत निघालं नाही. नंतर काही वर्षं त्या नांदेडला वडिलांकडे अंगणात झोपायच्या, थंडीपावसात ताडपत्री लावून. सर डोंगरावर असताना वडील गेले, सर परत आले आणि आपांना लातूरला घेऊन आले. आपा आत येईनात. मग सरांनी दुकानातली घड्याळं मोडून हे यंत्र केलं. सकाळी जमीन शांत होती असं कुणी वाचून दाखवलं, तरच त्या छपराखाली राहायला तयार झाल्या.

"आता सांगा, मॅडम," सर म्हणाले, "हे कसं वजा करू?"

मी म्हणाले, "मला वाचायला शिकवा."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं साठ वह्यांकडे पाहिलं होतं, आणि मग उद्या सहाला या म्हणाले.

त्या दिवशी ऑफिसात बसून मी यादी केली. पासपोर्ट. डॉक्टरचा दाखला. लोकरीचे कपडे. बस्वराज सरांची समजूत. बस्वराज सर आधी खवळले. "बारावीच्या परीक्षेच्या तोंडावर? माझ्या बोर्डावर त्यांचा फोटो हाय, मॅडम." मी त्यांना सकाळी काय पाहिलं ते सांगितलं. त्यांनी चष्मा पुसला आणि नायगावच्या एका निवृत्त प्राध्यापकांना फोन लावला. काझी सरांनी डिसेंबरातच सगळा अभ्यासक्रम संपवायचं कबूल केलं, आणि संपवलाही.

माझं शिक्षण तीन आठवडे चाललं. ट्रकची रेघ हळूहळू फुगते आणि हळूहळू ओसरते. बोअरची रेघ कंगव्यासारखी. दूधवाल्याची मोटारसायकल दर घराला थांबते, म्हणून तिचे तुकडे पडतात. सर माझी परीक्षा घ्यायचे आणि चुकलं की पोरांना म्हणतात तसं म्हणायचे, "घाई वजा करा." तिसऱ्या आठवड्यात मी एकटीनं अख्खी पट्टी वाचली. आपा ऐकून हसल्या. "हिचा आवाज बरा हाय रे. तू तर फौजदारावानी वाचतो."

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात सर हैदराबादच्या बसमध्ये बसले. अंगात दोन स्वेटर, लातूरच्या उन्हात. खिडकीतून म्हणाले, "मॅडम, एखाद्या दिवशी अशी रेघ आली की कशातच बसत न्हाई, तर..."

"तर काय लिहू?"

ते काहीतरी बोलणार होते. कंडक्टरनं घंटी दिली. "तुम्हाला सुचेल," असं ते म्हणाले, किंवा मला तसं वाटलं.

मग रोज साडेसहाला मी आपांकडे जाऊ लागले. ट्रक, दूधवाला, मिल, बोअर. बाकी काही नाही, आपा, जमीन शांत आहे. चहा. कधी उपमा. आठवड्यातून एकदा डोंगरावर ईमेल. सरांचं उत्तर दोन ओळींचं असायचं. एकदा लिहिलं होतं की डबा उघडला, वजिराबाद जळालं होतं, बाकी नांदेड ठीक आहे.

फेब्रुवारीत एका सकाळी पट्टीवर ती रेघ आली. ट्रकसारखी फुगलेली नव्हती. एकदम वर गेलेली आणि थरथरत बराच वेळ विझत आलेली. शिकवलेल्या कशातच ती बसत नव्हती, आणि ती कशाची आहे हे कळायला शिकवण्याची गरजही नव्हती. रात्री मला काही जाणवलं नव्हतं, वस्तीतही कुणी काही बोलत नव्हतं. फार बारीक असणार. आपा समोर बसल्या होत्या, चहा पुढ्यात.

माझ्या याद्यांत मी कधी खोटी खूण केलेली नाही. त्या रेघेवर मी पेन्सिलीनं काट मारली. "ही मिल. पट्टा जोरात ओढला असेल. बाकी काही नाही, आपा."

आपांनी चहा बशीत ओतला. "आज अमावस्या हाय, बाई. अमावस्येला मिल बंद ऱ्हाती."

मी पट्टी घाईनं गुंडाळायला लागले.

"घाबरू नको," त्या म्हणाल्या. "अयूब बी मिलच म्हणतो. चार-पाच बार म्हणला आतापत्तूर. त्याच्या तोंडावरनंच कळतंय."

"म्हणजे तुम्हाला..."

"मी भुईवर निजते. डोळा लागत न्हाई रातभर. जमीन हालली तर तुमच्या मशीनीच्या आधी मला कळतंय."

"मग रोज ऐकून कशाला घेता?"

त्यांनी बशी खाली ठेवली. "मी दगडाखाली व्हते तवा हा नांदेडहून आला. दुसऱ्या दिवशी गावले मी. तवर हातानं दगडं उपसून राहिला व्हता, बोटांची कातडी गेली सारी. तवापासून सकाळी उठला की त्याला कुणीतरी सांगावं लागतंय, जमीन गप हाय म्हणून. मी सांगितलं तर ऐकत न्हाई. मशीनीचं ऐकतो. मग मी आपली समोर बसते." मग माझ्याकडे वळून, "तिकडं झोपतो का गं तो? इचारलंस कधी?"

त्या दिवशीच्या ईमेलमध्ये मी सरांना झोपेबद्दल विचारलं. त्यांनी लिहिलं की उंचीवर झोप कमीच लागते, काळजी नको, आणि आपांना जमीन कशी आहे ते सांगत जा.

मार्चअखेर सर परत आले. डबा थंड झाला होता. सर काळे पडले होते, ओठ फुटले होते, आणि आठच्या ठोक्याला ते वर्गात होते. सकाळची पट्टी आता पुन्हा तेच वाचतात. मी त्यांच्या दौऱ्याची यादी फाइलला लावायला काढली. पासपोर्टपासून परतीच्या बसपर्यंत सगळ्या ओळींपुढे खुणा झालेल्या होत्या. तळाशी एक ओळ मी त्या अमावस्येला ऑफिसात येऊन लिहिली होती : आपांना माहीत आहे, हे सरांना सांगणे.

दोनदा त्यांच्या टेबलापर्यंत गेले. दुसऱ्यांदा त्यांनी वर बघून विचारलंही, "काय, मॅडम?" मी त्यांच्यापुढे पुढच्या महिन्याचं टाइमटेबल ठेवलं आणि माघारी आले. यादी अजून फाइलला लावलेली नाही.